निजलेलं वावर

जंगल खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला दिवाळीच्या सुमारास हमखास विचारतात, वाघ किती पाहिले? मी दोन पाहिले. दोन्ही वेळा वाघच आधी निघून गेला आणि मी बराच वेळ जागेवर उभा होतो. त्यात शौर्य काही नव्हतं, पाय उचलत नव्हते. संपादकांनी अंगावर काटा आणणारं काहीतरी मागितलं आहे. त्यांची निराशा होणार हे आधीच कबूल करतो. माझ्या नोकरीत अंगावर काटा आणणारी गोष्ट एकच घडली, आणि ती एका उतारावर, भर दुपारी, चार माणसांसमोर एक वही उघडल्यावर घडली.

मी तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचा तिसरा मुलगा. जमीन दोघा भावांना पुरेल एवढीच होती, म्हणून मी वनरक्षक झालो. लोक आम्हाला गार्ड म्हणत. पन्नास-साठच्या दरम्यानची ती वर्षं. जिल्ह्याचं ठाणं तेव्हा धुळ्याला होतं आणि मोटार अक्कलकुव्यापर्यंत यायची. पुढे आपले पाय. माझी चौकी सातपुड्याच्या एका धारेवर होती. एक खोली, वर कौलं, पाणी अर्ध्या उतारावरच्या झऱ्यावर. खाली नर्मदा दिसायची, पण मणिबेलीपर्यंत उतरायचं म्हटलं तर अर्धा दिवस मोडायचा. दिसायला जवळ आणि जायला लांब, असं तिथलं सगळंच होतं.

गार्डाचं काम थोडक्यात सांगतो. त्याच्या ताब्यात जेवढं जंगल त्याला बीट म्हणतात. बीटभर फिरायचं, चोरतोड झाली का बघायचं, उन्हाळ्याच्या तोंडाला जाळरेषा काढायच्या, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवताचा एक पट्टा आपणच आधी जाळून ठेवायचा, आणि आठवड्याची डायरी लिहायची. डायरीत बहुतेक दिवशी एकच वाक्य असायचं: 'गस्त घातली, सर्व ठीक.' सर्व ठीक असताना माणूस किती एकटा असू शकतो, ते लिहायला डायरीत जागा नव्हती.

पहिल्या पावसाळ्यात लागोपाठ तीन आठवडे मी कुणाशी बोललो नाही. मग एका वाटसरूनं मला नदीची वाट विचारली. मी वाट सांगायची सोडून त्याचा हात धरला आणि जेवूनच जा म्हणालो. तो हात सोडवून पळाला. गार्ड जेवायला बोलावतो म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं असणार, असं त्याला वाटलं असेल. त्याची चूक नव्हती.

बायको गावी होती. तिची पत्रं अक्कलकुव्याला पडून राहायची आणि मी महिन्यातून एकदा शिधा आणायला उतरलो की तीन-चार एकदम हातात यायची. एकात मुलाला ताप आलेला असायचा, दुसऱ्यात तो उतरलेला असायचा. मी काळजी करायच्या आत सगळं होऊन गेलेलं असायचं. बापाला मुलाची काळजीसुद्धा वेळेवर करता येऊ नये, हे मला फार लागायचं. पण बदली मिळेना, कारण माझ्या जागी यायला कुणी तयार नव्हतं.

आता वहीची हकिगत. या चौकीवरच्या पहिल्याच वर्षी वरून हुकूम आला की प्रत्येक गार्डानं आपल्या बीटमधला एक मोकळा तुकडा निवडावा आणि तिथं दरवर्षी आपोआप काय काय उगवतं ते लिहून ठेवावं. पेरायचं नाही, तोडायचं नाही, नुसतं बघायचं. शेजारच्या बीटचे गार्ड शहाणे होते. त्यांनी पहिल्या वर्षी 'झाडोरा वाढत आहे' असं लिहिलं आणि पुढच्या प्रत्येक वर्षी त्याखाली 'वरीलप्रमाणे'. मी मात्र हे काम मनावर घेतलं. मनावर घ्यायला माझ्याकडे दुसरं होतंच काय?

शिवाय लिहायच्या बाबतीत मी पहिल्यापासून काटेकोर. एकदा कोळशाच्या एका ठेकेदारानं अंजनाची लाकडं हलक्या जातीच्या लाकडाखाली लपवून न्यायचा घाट घातला होता. अंजनाचं लाकूड दगडासारखं जड. गाडीच्या बैलांची चाल बघूनच मी ओळखलं आणि गाडी थांबवली. त्यानं मला एक बोकड देऊ केला. मी पंचनाम्यात लाकूड लिहिलं, बोकड लिहिला, बोकडाचा रंगसुद्धा लिहिला. साहेब हसले, पण माझं नाव झालं. हा गार्ड काही सोडत नाही, असं लोक म्हणू लागले, आणि मलाही ते खरं वाटू लागलं.

मी निवडलेला तुकडा चौकीपासून हाकेच्या अंतरावर होता. दीड-दोन एकरांचा उतार, मधोमध एक जुना मोह. आदल्या वर्षीच्या ज्वारीची खोडं तिथं अजून उभी होती आणि त्यांच्यामध्ये टाकळा आणि आघाडा माजला होता. आमच्या गावी ज्याच्या रानात टाकळा माजतो, तो माणूस एक तर दारुडा असतो किंवा मेलेला. तिथं रान पडीक ठेवणं म्हणजे घराण्याला बट्टा. मी वहीचं पहिलं पान उघडलं आणि चांगल्या अक्षरात लिहिलं: 'सोडून दिलेले शेत.' पुढे मालकाचा रकाना होता. आजूबाजूला कुणी दिसत नव्हतं. मी लिहिलं: 'नाही.'

त्या हिवाळ्यात जात्र्या आला. खालच्या पाड्यावरचा पावरा आदिवासी. वय विचारलं तर डोंगराकडे बघायचा. तो येऊन उताराच्या कडेला बसला आणि तंबाखू मागितली. त्याच्या घरात पावरी बोली, माझ्या घरात गुजरी. शाळेतली मराठी आम्हा दोघांच्या फारशा उपयोगाची नव्हती. मग मी गावात उचललेली आणि त्यानं बाजारात उचललेली अहिराणी आम्ही बाहेर काढली, आणि पुढची आठ वर्षं तिच्यावर निभावली.

मी विचारलं, "बाबा, हाई वावर कोननं शे?"

"मन्हंच शे."

"मंग सोडी काबर दिधं?"

"सोडं नही. निजेल शे."

वावर निजलंय म्हणे. मला हसू आलं. "कवय उठी?"

"ते त्यालेच समजस," तो म्हणाला, आणि तंबाखू मळत बसला.

त्याची रीत अशी होती. त्याच्याकडे दोन वावरं, म्हणजे दोन शेतं. एक वरच्या अंगाला, ते त्या वर्षी पेरतं झालं होतं. दुसरं हे, ते त्यानं विसाव्याला ठेवलं होतं. सात-आठ वर्षांनी वरचं थकलं की ते निजवायचं आणि हे उठवायचं. त्याच्या बापानं तेच केलं, आज्यानं तेच केलं. मला हे त्याच दिवशी समजलं होतं. पुढे मी काहीही म्हटलं असलं, तरी मला माहीत नव्हतं असं मात्र नाही.

वही तशीच राहिली. पहिल्याच पानावर खाडाखोड कशी करायची? खाडाखोड केली की वरचा साहेब शेरा मारतो, कारण विचारतो. आणि वाचणार तरी कोण ती वही, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या पावसाळ्यात टाकळा हटला आणि उतारावर कुसळी आली. कुसळी म्हणजे ते गवत, ज्याची टोकदार कुसं धोतरात, पायात, सगळीकडे घुसतात. मी वैतागून तसं बोललो, तर जात्र्या म्हणाला, "तिले नावं नको ठेवू. ती माटी बांधस." आणि खरंच, आदल्या वर्षी पावसाच्या पाण्यानं उतारावर जे ओघळ पडले होते, ते त्या वर्षी मोठे झाले नाहीत. गवतानं माती धरून ठेवली होती. लावे आले. गवतातून भुर्रकन उडून छातीत धडकी भरवायचे. मी लावेही लिहिले.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी गवतात मधूनमधून धायटीची झुडपं दिसू लागली. बोरी आल्या, करवंदाच्या जाळ्या आल्या. माघात धायटी फुलायची तेव्हा अख्खा उतार लालभडक व्हायचा. करवंदं पिकली की बुलबुल यायचे, आणि ते जिथं बसायचे तिथं खाली नवं काहीतरी उगवायचं. पाखरं दुसरीकडची बी पोटातून आणून इथं टाकत होती. जात्र्या एकेका रोपाचं नाव सांगायचा, आधी त्याच्या बोलीत, मग अहिराणीत, आणि मी ते कार्यालयाच्या मराठीत लिहायचो. काही रोपांना माझ्याकडे नावच नसायचं. मग त्याचंच नाव तसंच लिहायचो.

धायटीच्या सावलीत कुसळी पिवळी पडू लागली. ज्या गवतानं माती बांधली, त्याच गवताला आता तिथं जगणं कठीण झालं होतं. आणि झुडपांच्या बुडाशी, उन्हापासून आणि शेरडांच्या तोंडापासून आडोशाला, सागाची आणि अंजनाची रोपं उभी राहत होती. एक दिवस मी आणि जात्र्या त्या मोहाखाली बसलो होतो. मी म्हटलं, "बाबा, मले सगयं एकदाव सांग. पहिले काय, मंग काय."

तो एकेक बोट दुमडत सांगू लागला. "पहिले टाकया. मंग कुसय. कुसयमा धायटी उठस, मंग कुसय मरस. धायटीना बूडमा साग उठस, अंजन उठस. त्या मोठा व्हयनात का धायटी मरस."

"आनि मंग?"

"मंग आम्ही येतस."

खात्याच्या शिकवणीत आम्हाला गवत, झुडूप, झाड असा क्रम सांगितला होता. त्या क्रमात माणूस कुठेच नव्हता. जात्र्याच्या क्रमात तो होता, सगळ्यांसारखाच, आपली पाळी आली की येणारा आणि पाळी संपली की बाजूला होणारा. मला ते फार पटलं. त्या दिवशी मी वहीत साग आणि अंजनाची रोपं मोजून लिहिली. 'मंग आम्ही येतस' हे लिहिलं नाही.

जमीन उठली की नाही हे तो हातानं बघायचा. पाऊस सरला, की आश्विनात एका ठरलेल्या दिवशी यायचा, पाच-सहा ठिकाणी पालापाचोळा बाजूला करायचा आणि सरळ बोटांनी हात जमिनीत खुपसायचा. पहिल्या वर्षी नखंच आत गेली. चौथ्या वर्षी बोटं गेली. सहाव्या वर्षी तळव्यापर्यंत. मनगट बुडालं की वावर उठलं, असा त्यांचा नियम. तो गेल्यावर मीही हात घालून बघायचो. माझा हात त्याच्यापेक्षा कमीच जायचा. तो म्हणायचा, तू जोर लावतोस.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, ती इथं सांगतो. ते वावर उठावं असं मला मनातून वाटत नव्हतं. ते उठलं की झुडपं तोडली जाणार, फांद्या जाळून राख पसरली जाणार, पेरणी होणार, आणि माझी वही संपणार. वही संपली की जात्र्यानं त्या मोहाखाली येऊन बसायचं कारण संपणार. त्या डोंगरावर माझ्याजवळ बसणारं दुसरं कुणी नव्हतं. गस्त घालून आलो आणि उताराच्या कडेला त्याचं पागोटं दिसलं, की माझा दिवस चांगला जायचा. नाही दिसलं, तर मी चूलही पेटवायचो नाही, सकाळचीच भाकर खायचो.

आठव्या वर्षी आश्विनात तो आला तेव्हा त्याच्याबरोबर त्याची मुलगी रेली होती. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि ती बापाकडे परत आली होती. भाऊ आपापल्या संसारात. हे वावर तिचं, असं जात्र्यानं ठरवलं होतं. वरचं वावर थकलं होतं, ते निजवायचं आणि रेलीनं हे उठवायचं. त्यानं हात खुपसला आणि मनगट दिसेनासं झालं. त्यानं हात तसाच आत ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"उठनं," तो म्हणाला.

रेली झुडपांतून वाट काढत वरपासून खालपर्यंत फिरली. परत येऊन मला म्हणाली, "वर भगर टाकसू. खाले ज्वार. मोहना जोडे तूर." मी मान हलवली. एवढ्या वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली होती.

त्याच हिवाळ्यात खात्यानं हद्दी नक्की करायला घेतल्या. जिथं नांगर चालतो ते शेतात धरायचं, जिथं झाडं उभी राहिली ते जंगलात. रेंजरसाहेब मोजणीदाराला घेऊन माझ्या चौकीवर आले. ते माझ्या सगळ्या साहेबांत भले. येताना माझ्यासाठी चहाची पुडी आणली, मुलाबाळांची चौकशी केली. जेवण झाल्यावर त्यांनी वह्या मागितल्या. माझी वही चाळता चाळता ते थांबले, पुन्हा मागे गेले, पुन्हा वाचू लागले. म्हणाले, "अहो, काय लिहिलंय तुम्ही हे. उघड्या जमिनीचं जंगल कसं होतं ते पायरीपायरीनं मांडलंय. बाकीच्यांनी नुसतं वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. ही वही मी धुळ्याला मोठ्या साहेबांना दाखवणार."

आधीची दहा आणि इथली आठ, अशी अठरा वर्षं नोकरी झाली होती आणि असं कुणी बोललं नव्हतं. माझे कान गरम झाले. त्या वहीत काय लिहिलं नाही, ते त्या क्षणी मला आठवलंसुद्धा नाही. कौतुकानं माणूस असा आंधळा होतो.

दुपारी आम्ही उतारावर गेलो. मोजणीदारानं टेप लावून सागाचे बुंधे मोजले. रेंजरसाहेबांनी विचारलं, "इथं नांगर केव्हापासून नाही?"

मी म्हणालो, "आठ वर्षं झाली साहेब." शब्द न् शब्द खरा होता.

"मग प्रश्नच मिटला. हे जंगलात."

जात्र्या आणि रेली खालून वर येताना दिसले. मोजणीची साखळी घेऊन माणसं आली आहेत हे त्यांना पाड्यावर कळलं होतं. वावर आपलं आहे, असं जात्र्यानं येताच म्हटलं आणि मी ते साहेबांना सांगितलं. साहेबांनी मला सांगितलं, "याला विचारा, जमीन तुझी म्हणतोस तर कागद आहे का? पावती, दाखला, काहीही."

मी विचारलं. जात्र्या मुळीच गडबडला नाही. उलट त्याचा चेहरा निवांत होता.

"मन्हाजोडे कागद नही," तो म्हणाला. "याना जोडे शे." त्यानं माझ्याकडे बोट केलं. "आठ साल हाऊ लिखी ऱ्हायना. कोनतं झाड कवय उनं, ते मी सांगं आनि यानी लिखं. साहेबले सांग, ती वही देख."

मी ते मराठीत साहेबांना सांगितलं. कोणतं झाड केव्हा आलं ते यानं सांगितलं आणि मी लिहिलं, वही बघा म्हणतोय. साहेबांनी काखेतली वही काढली, पहिलं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "सोडून दिलेले शेत. मालक, नाही."

जात्र्या माझ्याकडे बघून म्हणाला, "काय सांगी ऱ्हायना साहेब?"

तिथं दोन्ही भाषा येणारा मी एकटाच होतो. मलाच सांगावं लागलं. "सोडी देयेल वावर. धनी नही."

"हाई तू लिखं?"

"मी लिखं."

"आनि मी सांगं ते?"

"तेबी लिखेल शे, बाबा. समदा झाडेसना नाव लिखेल शेत."

त्यानं त्या वहीकडे पाहिलं. मग विचारलं, "मन्हं नाव?"

आठ वर्षांत मी त्या वहीत लावे लिहिले होते, बुलबुल लिहिले होते, एकदा मोहाखाली सापडलेली सापाची कातसुद्धा लिहिली होती. जात्र्याचं नाव एकाही पानावर नव्हतं.

मग मी साहेबांना म्हणालो, "साहेब, हे लोक जमीन विसाव्याला ठेवतात. ही जमीन त्याचीच आहे." साहेब म्हणाले, "असेलही. पण मग तुम्ही आठ वर्षं असं का नाही लिहिलं? मी तुमची आठ वर्षांची वही मानू, की तुमचं आताचं बोलणं?" ते रागावले नव्हते. त्यांचा प्रश्न सरळ होता. रेली तोवर वळून उतरू लागली होती. जात्र्या तिच्या मागून गेला. त्याच्या लेखी वावर ज्या वर्षी तयार झालं, खात्याच्या लेखी त्याच वर्षी तिथं जंगल तयार झालं होतं. दोघंही एकाच गोष्टीवरून तसं म्हणत होते, आणि ती गोष्ट लिहून ठेवणारा मी होतो.

उताराच्या खालच्या कडेला हद्दीचे दगड बसले. मी दोनदा धुळ्याला अर्ज लिहिला, की पहिल्या पानावरची नोंद माझ्या अज्ञानानं झाली. तेही खोटंच होतं, अज्ञान फक्त पहिल्या हिवाळ्यापर्यंतचं होतं. उत्तर आलं नाही. वही परत आली ती शाबासकीच्या शेऱ्यासह. गंमत बघा, ज्या गार्डांनी 'वरीलप्रमाणे' लिहिलं, त्यांच्या बीटांत कोणाचं वावर गेलं नाही. त्यांच्या वह्यांवरून काही सिद्धच करता येत नव्हतं.

त्या तुकड्याचं आज भरलेलं जंगल झालं आहे, असं तिकडून आलेले लोक सांगतात. खाली पाला कुजतो, उन्हाळ्यातसुद्धा गारवा असतो. ऐकताना मला आनंद होतो हे मी नाकारत नाही. पाठोपाठ तोंड कडू होतं, हेही खरं.

रेली त्याच उन्हाळ्यात पाड्यावरच्या बायकांबरोबर खाली सपाटीला गेली, गुजरांच्या गावांत कापूस वेचायला. मी सुटीवर घरी गेलो की भावाच्या रानात वेचणाऱ्या बायकांकडे बघत बांधावर उभा राहायचो. वहिनी थट्टा करायची, जंगलात राहून भाऊजींना माणसं बघायची भूक लागली म्हणून. रेली मला त्यांत कधी दिसली नाही. दिसली असती तर काय बोललो असतो, तेही मला माहीत नाही.

जात्र्या चौकीवर यायचा थांबला. वाटेत भेटला तर बाजूला होऊन मला वाट द्यायचा, जशी पाड्यावरचे लोक सगळ्याच गार्डांना देत. आधी तो मला तशी वाट देत नसे, मीच बाजूला व्हायचो. त्या वर्षापासून मी चूल दिवसातून एकदाच पेटवू लागलो. बायकोच्या पत्राला उत्तर लिहायला बसलो की सर्व ठीक, एवढंच सुचायचं.

वरचं वावर निजवायची पाळी उलटून गेली होती. पण जात्र्यानं ते पुन्हा पेरलं. पुढच्या वर्षी पुन्हा पेरलं. दोन पावसाळ्यांत उतारावरची माती ओघळून गेली आणि मधूनमधून कातळ उघडा पडला. ज्वारीची कणसं बोटभर आली. मला राहवलं नाही. दिवाळीनंतर एका सकाळी मी तंबाखूची पुडी घेऊन वर चढलो. तो वाकून दगड वेचत होता आणि कडेला रचत होता. मला बघून थांबला नाही.

मी म्हटलं, "बाबा, हाई वावर थकी गयं. आते याले चार साल निजू दे."

तो दगड वेचतच राहिला. हातातला दगड ढिगावर ठेवला, दुसरा उचलला आणि मग म्हणाला, "निजू देसू, तं तू लिखशी."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मला म्हणायचं होतं, नाही लिहिणार. पण मी गेलो की दुसरा गार्ड येणार होता, आणि तोही बघणार होता, तोही लिहिणार होता. मी पुडी दगडांच्या ढिगावर ठेवली आणि खाली उतरलो. त्यानंतर माझी बदली व्हायला आणखी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत जात्र्यानं ते वावर एक पावसाळाही मोकळं सोडलं नाही.